राहायची परवानगी

९ जानेवारी, श्रीराचा (थायलंड)

सकाळी पिमचनोक माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. कारखान्यातल्या आम्हा जपान्यांचे कागद तीच बघते. म्हणाली, "आओयागीसान, मार्चअखेर तुमची नोकरी संपतेय. नोकरी संपली की त्या दिवशी व्हिसाही संपतो. परतीचं तिकीट कंपनी देते. कुठल्या तारखेचं काढू?"

मी म्हणालो, "काढू नकोस. मी इथेच राहतो म्हणतो."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडून निघालं आणि ऐकल्यावर मलाही पटलं. साचे बनवण्याच्या कामात अशी घाई मी कधी केली नाही.

पिमचनोकने खुर्ची ओढली आणि सगळं समजावून सांगितलं. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला निवृत्तीचा व्हिसा मिळतो. ठरावीक रक्कम इथल्या बँकेत टाकायची, दोन महिने तिला हात लावायचा नाही, मग अर्ज करायचा. दर वर्षी नवा शिक्का. मात्र काम करायचं नाही. पगारी नाही आणि फुकटही नाही.

"म्हणजे कारखान्यात चक्कर मारली तर?"

"चक्कर मारा, चहा प्या. पाना उचललात तर मी तुम्हाला ओळखत नाही," ती म्हणाली.

१४ जानेवारी, रविवार

रविवारी घरी, जपानला फोन. बायकोला, फुमिएला सांगितलं. मागे खिडकीची तावदानं वाजत होती. हामामात्सुत या दिवसांत वारा जीव खातो.

ती म्हणाली, "बरं." मग थोड्या वेळाने, "तुम्हाला बरं वाटेल तसं करा."

पुढे तिने विचारलं, "खोली केवढी आहे हो तुमची?"

मी माप सांगितलं. गॅलरीही आहे, समुद्राचा तुकडा दिसतो. "एकट्याला भरपूर," म्हणालो.

"हो का," ती म्हणाली. पैसे पाठवण्यासाठी सोमवारी बँकेत जाईन म्हणाली. घरचा सगळा व्यवहार पहिल्यापासून तीच बघते.

एकूण तिची काही हरकत दिसली नाही. मला वाटलं होतं थोडं अवघड जाईल. आई नोव्हेंबरात गेली, त्यानंतर ते घर पहिल्यांदाच फुमिएचं एकटीचं झालं आहे. एकोणीस वर्षांनी नवरा परत येऊन बैठकीत पाय पसरून बसणार, हे कुठल्या बाईला आवडेल? ती ते बोलून दाखवणार नाही, पण मला समजतं.

हलकं वाटलं. खाली वान्दीकडे दोन वाडगे शेवया खाल्ल्या.

१६ जानेवारी

वान्दी म्हणजे माझी घरमालकीण. तळमजल्यावर तिची शेवयांची गाडी आहे आणि वरच्या सहा खोल्या भाड्याने आहेत. नवरा मालवाहू जहाजावर असतो, वर्षातून दोनदा उगवतो. त्यामुळे दुसऱ्यांच्या संसारात लक्ष घालायला तिच्याकडे वेळ असतो.

"काका, काकूंना विचारलंत?"

"विचारलं. हरकत नाही म्हणाली."

"काय विचारलंत ते सांगा. तसंच्या तसं."

मी सांगितलं: निवृत्त झाल्यावर मी इथेच राहणार आहे, असं म्हणालो.

वान्दीने पळी कढईवर आपटली. "याला विचारणं म्हणतात होय? हे तर सांगणं झालं. माझा नवराही असाच. बंदर सुटल्यावर फोन करतो, मी निघालो म्हणून!"

तिला म्हटलं, जपानमध्ये बायका अशा गोष्टी न बोलता समजून घेतात. तिने माझ्या वाडग्यात न मागता मिरचीचा चमचा ओतला.

२८ जानेवारी, रविवार

पैसे आले. आता दोन महिने त्यांच्याकडे बघायचंही नाही.

फुमिएने आज फोनवर एक विचित्र प्रश्न विचारला. थाई लिहिताना काना-मात्रा अक्षराच्या वर येतात की आधी? म्हटलं, कशाला हवंय? म्हणाली, "सहज. टीव्हीवर पाटी दिसली." मी सविस्तर सांगितलं. मग तिने सुरांचं विचारलं. एकच शब्द सूर बदलला की अर्थ बदलतो म्हणतात, ते खरं का? तेही सांगितलं. शब्दकोड्यांची आवड तिला पहिल्यापासून आहे. बराच वेळ गेला. रविवारचा फोन एवढा लांबल्याचं मला आठवत नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

फुमिएने आईची खाट वॉर्डाच्या कचेरीला देऊन टाकली. उचलायला माणसं आली होती. खोली आता रिकामी आहे.

"शिवणकामाला छान होईल," मी म्हणालो. "उजेड चांगला येतो तिथे."

"हो का," ती म्हणाली.

हे "हो का" हल्ली फार वेळा ऐकू येतं. फोनची लाइन खराब असावी.

२२ फेब्रुवारी

चिहारुचा फोन. आमची मुलगी नागोयाला असते. कामाच्या दिवशी फोन करत नाही, म्हणून घाबरलो.

"बाबा, आईशी जरा नीट बोला."

"दर रविवारी बोलतो."

"तुम्ही हवा-पाणी बोलता. तिने पासपोर्ट काढलाय, माहीत आहे का तुम्हाला?"

नव्हतं माहीत. पण आनंद वाटला. शेजारच्या सुझुकाबाई दर वसंतात बायकांचा घोळका घेऊन तैवानला जातात. फुमिएला इतकी वर्षं आईला सोडून कुठे हलता आलं नाही. आता जाऊ दे बिचारीला.

चिहारुला तसं म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही दोघं ना, दोघंही सारखेच आहात," आणि फोन ठेवला.

९ मार्च

प्रसितला तिसऱ्या नंबरच्या साच्याचा स्वभाव समजावून सांगत होतो. हा पोरगेला मुकादम माझ्या हाताखाली बारा वर्षं आहे, आता पोरगेला राहिलेला नाही; त्याचेच केस पांढरे व्हायला लागलेत. साचा तापला की उजवीकडून रुसतो, तेव्हा घाई करायची नाही, पाणी कमी करायचं. तो सगळं लिहून घेत होता. मी म्हटलं, लिहू नकोस, हात ठेव. हात ठेवला आणि चटका बसला. दोघेही हसलो.

दुपारनंतर मात्र काही सुचेना. कारखान्यात इतकी वर्षं मला कोणी ना कोणी शोधत आलेलं आहे. आज चारदा मान वर करून बघितलं. चारही वेळा ते प्रसितला शोधत होते. हे असंच व्हायला हवं, मीच तसं शिकवलं.

३० मार्च, शुक्रवार

शेवटचा दिवस. केक कापला. मला मासे धरायची काठी भेट दिली. मी आयुष्यात मासा धरलेला नाही. प्रसित माइकवर म्हणाला, "काका, उद्यापासून माशांनी घाबरावं!" सगळे हसले, मीही. साहेब जपानीत बोलले, पिमचनोकने थाईत सांगितलं आणि सांगताना साहेब जे बोललेच नव्हते असं बरंच चांगलं त्यात घातलं.

ओळखपत्र फाटकावर परत दिलं. दारवान रोज सलाम ठोकतो तसा त्याने ठोकला आणि मग हात खाली घ्यायला विसरला.

२ एप्रिल, सोमवार

घोटाळा झाला.

पिमचनोकबरोबर इमिग्रेशन कचेरीत गेलो. फाइल बघून खिडकीतल्या अधिकारी बाईंनी चष्मा काढला. चाळिशीच्या, शांत बाई. म्हणाल्या, "कंपनीचं पत्र आम्हाला एक दिवस आधीच आलंय. गुरुवारीच तुमची कामाची परवानगी रद्द झाली. जी परवानगीच नाही, ती बदलून कशी देऊ?"

पिमचनोकने तारीख बघितली आणि तिचा चेहरा पडला. पत्रावर कोणीतरी गुरुवारची तारीख टाकली होती. कोणी, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

"मग आता?"

"आठवडाभराची मुदत देते. देशाबाहेर जा, निवृत्तीसाठीचा नवा प्रवेश घेऊन या. मग इथे पुढची कामं होतील. कागद बाकी चोख आहेत."

जिन्यात पिमचनोक रडायला लागली. मी तिला म्हटलं, जन्मभर केसाच्या दहाव्या हिश्शाची चूक मी कोणाची चालवून घेतली नाही, ही एका दिवसाची चालवून घेतो. ती आणखीच रडली. माझ्या बोलण्यात काहीतरी चुकलं असावं.

ती म्हणते लाओसला जा, तिथल्या वकिलातीत काम लवकर होतं. किंवा तोक्यो.

मी लाओस म्हणणार होतो. रात्रीच्या जेवणाला वान्दीकडे बसलो तर ती म्हणाली, "लाओसात कोण आहे तुमचं?"

५ एप्रिल, हामामात्सु

घरी आलो. स्टेशनावर फुमिए आली होती. मी तिला ओळखलं नाही. म्हणजे ओळखलं, पण आधी पुढे निघून गेलो. तिने केस आखूड कापले आहेत.

"छान दिसतात," मी म्हणालो.

"जानेवारीतच कापले," ती म्हणाली.

घर आखडल्यासारखं वाटलं आणि मोठंही. सामान फार कमी झालं आहे. कपाटं निम्मी रिकामी, भांडी थोडी, ओट्याखाली बांधलेली खोकी. वसंतातली साफसफाई फुमिए नेहमीच जोरात करते. देवघरात आईचा फोटो लागला आहे. बसलो, उदबत्ती लावली, घंटी वाजवली. आईच्या अंत्यविधीला आलो होतो तेव्हा चार दिवस होतो, चारही दिवस माणसांची वर्दळ. आज फक्त घंटी वाजली आणि थांबली.

शीतकपाटाच्या दारावर एक कागद चिकटवला आहे. थाई मुळाक्षरं, पेन्सिलीने, नेटकी. काही मात्रा चुकल्या आहेत. कोड्याचा छंद तिने फारच मनावर घेतलेला दिसतो.

किंवा तसं नसेल. हे लिहिताना आता वाटतंय की तसं नसेल.

७ एप्रिल

जेवताना मी विचारलं, "तैवानला कधी निघणार?"

"कोण?"

"तू. पासपोर्ट काढलास ना."

फुमिएने चहाची किटली खाली ठेवली. "अहो, तैवानमध्ये माझं काय ठेवलंय?"

मी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

ती म्हणाली, "दोन वर्षांसाठी जातो म्हणून गेलात. आईंना अर्धांगाचा झटका आला होता, मी म्हटलं, दोन वर्षंच तर आहेत. मग कंपनीने आणखी दोन वाढवली, मग तुम्ही मोजायचं सोडलंत. पहिली पाच वर्षं मी वाट बघितली. पुढे सवय झाली. त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण आई नोव्हेंबरात गेल्या. आता एप्रिल आहे. इतक्या रविवारांत एकदा तरी म्हणालात का, ये म्हणून?"

"मला वाटलं तुला आता हे घर एकटीला हवं असेल. मोकळं."

"आणि मला वाटलं तुम्हाला ती खोली एकट्याला हवी आहे. एकट्याला भरपूर, असं म्हणालात."

"ते मी मापाबद्दल बोललो."

ती हसायला लागली. हसता हसता मनगटाने डोळे पुसले. मला काय करावं कळेना म्हणून मी तिच्या पेल्यात चहा ओतला. पेला आधीच भरलेला होता. सगळं टेबलावर सांडलं.

पुसून झाल्यावर मी विचारलं, "येतेस का?"

"विचार करते," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

दिवसभर विचार केला तिने. दोरीवरचे कपडे काढले, घड्या केल्या, भाजी आणली. मी मागेमागे दारापर्यंत जाऊन परत येत होतो.

८ एप्रिल, रविवार

सकाळी तिने उत्तर दिलं.

"येते. पण तुमची आश्रित म्हणून नाही."

तिने सगळं वाचून काढलं आहे, चिहारुने मदत केली. निवृत्त नवऱ्याच्या व्हिसावर बायकोला सोबत राहता येतं. पण ती परवानगी नवऱ्याला लटकलेली असते. तो मेला की तिचीही संपते.

"माझं वय बसतं. माझ्या नावावर पुरेसं आहे, मी वर्षानुवर्षं बाजूला टाकत आलेय. माझा निवृत्तीचा व्हिसा मी वेगळा काढणार."

मी म्हणालो, "कशाला उगीच दोन-दोन फायली? आणि तो व्हिसा नोकरीतून निवृत्त झालेल्यांचा असतो ना. तू कशातून निवृत्त होणार?"

ती टॉवेलची घडी करत होती. केलेली घडी तिने उलगडली आणि परत केली.

मुद्दा पटला असं समजून मी अंघोळीला गेलो. बाहेर आलो तर टेबलावर दोन अर्ज होते. तिचा भरून झालेला होता.

१२ एप्रिल, तोक्यो

थाई वकिलात. दोन अर्ज, दोन खिडक्या. माझ्या अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात "निवृत्त अभियंता". तिने नुसतं "निवृत्त" लिहिलं आहे. मी बघितलं. कोणी काही विचारलं नाही. इथे फक्त वय आणि बँकेचा दाखला बघतात.

बाहेर पडल्यावर एका दुकानात तिने उन्हाळी टोपी घेतली. तीन टोप्या घालून मला विचारलं, कुठली? लग्नानंतर असं तिने कधी विचारलं होतं की नाही, मला आठवेना. मी मधली म्हणालो. तिने तिसरी घेतली.

२४ एप्रिल, श्रीराचा

आलो. वान्दीने फुमिएला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, फार उशीर केलात." मी जपानीत सांगताना "स्वागत आहे" म्हणालो. फुमिए म्हणाली, "एवढे सगळे शब्द बोलली ती, आणि अर्थ एवढाच?"

खोली दोघांना लहान पडते. माप मी बरोबर सांगितलं होतं. पण त्या मापात तिचा ड्रेसिंगचा आरसा, तिची शिवणाची पेटी आणि तिची सकाळी पाचला उठून खिडकी उघडायची सवय धरलेली नव्हती.

३० एप्रिल

फुमिएचं बँकेत खातं उघडलं. सही करताना तिने खूप वेळ घेतला. स्वतःचं नाव थाई अक्षरांत लिहिलं. बँकेतली मुलगी म्हणाली, आम्ही सुद्धा एवढं सुबक लिहीत नाही.

मग वान्दीकडे तिने थाईतलं पहिलं वाक्य बोलून दाखवलं. "जवळ" आणि "लांब" हे दोन्ही शब्द इथे ऐकायला जवळजवळ एकच, फक्त सूर वेगळा. फुमिएला म्हणायचं होतं, माझ्या जवळ बसा.

वान्दी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आल्या आल्या मला लांब बसवता होय, काकू?"

गाडीवरचे सगळे हसले. फुमिए लाल झाली, मग तिने पुन्हा म्हणून बघितलं. पुन्हा लांबच. वान्दी तशीच येऊन तिच्या शेजारी बसली.

११ मे

भांडण झालं. चहावरून. एकोणीस वर्षं मी पहाटे कडक थाई चहा पितो. फुमिए हिरवा चहा समोर ठेवते. मी तो बाजूला सरकवला.

"तुम्हाला आवडायचा," ती म्हणाली.

"कधी?"

"हामामात्सुत असताना. रोज."

मला आठवत नाही. तिने दोन्ही चहा ओतून टाकले आणि टोपी घालून बाहेर पडली.

दुपार झाली तरी आली नाही. मी बाजारात बघितलं, देवळात बघितलं. ऊन मी म्हणत होतं. वान्दीने तिच्या दोन भाडेकरूंना मोटारसायकलवर पिटाळलं. शेवटी ती आपली आपण चालत आली, खांदे उन्हाने भाजलेले. बेटाकडे जाणाऱ्या पुलावर बसले होते म्हणाली.

"काय करत होतीस?"

"काही नाही."

"इतका वेळ?"

"हो ना," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका उजळलेला होता की मी रागवायचं विसरलो. "इतका वेळ बसले आणि कोणी हाक मारली नाही."

मी म्हटलं, मी मारल्या असत्या हाका, पण तू कुठे आहेस ते ठाऊक नव्हतं. ती हसली. कशाला हसली ते समजलं नाही. रात्री तिच्या खांद्यांना कोरफड लावली. सकाळी तिने कडक चहा करून दिला आणि स्वतःसाठी हिरवा.

२ जून

प्रसितचा फोन. तिसऱ्या नंबरचा साचा रुसलाय, तडा गेलाय की काय कळत नाही, दहा मिनिटं येता का? मी बूट घालायला लागलो.

फुमिएने विचारलं, "कुठे?"

सांगितलं.

"पाना उचलायचा नाही ना तुम्हाला?"

"नुसता बघणार."

"तुम्ही? नुसतं बघणार?" ती म्हणाली.

बूट काढले. प्रसितला फोनवरच विचारलं, आवाज कसा येतोय, पाणी कुठून गळतंय. तो सांगत गेला. मला ते सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं. मी तोंड उघडलं आणि थांबलो. हे काम झालं का? फुकटही चालत नाही. शेवटी म्हणालो, "प्रसित, तुझ्या जागी मी असतो तर मी काय केलं असतं, ते तुला माहीत आहे." तो म्हणाला, "हात ठेवून बघतो."

संध्याकाळी त्याचा निरोप आला, चाललं. मी वान्दीकडे जेवलो नाही. भूक नव्हती. फुमिए म्हणाली, "उद्या त्या काठीने मासे धरायला बसू या," आणि मी म्हणालो, "त्यातलं मला काही येत नाही." "मलाही नाही," ती म्हणाली.

१७ जून, रविवार

रविवार असून फोन कोणाला करायचा, असं क्षणभर वाटलं. दोघांनी मिळून चिहारुला केला. ती म्हणाली, आधी एकेकाने बोला, दोघं एकदम बोलताय, काही कळत नाही.

मागल्या गल्लीत वान्दीच्या बहिणीचं एक छोटं घर रिकामं होतंय. पुढे थोडी माती आहे. फुमिए जाऊन आली. मी विचारलं, घ्यायचं का? मुद्दाम तसंच विचारलं. ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं?" दोघेही थांबलो आणि शेवटी घ्यायचं ठरलं. कोणी ठरवलं ते सांगता येणार नाही.

९ जुलै, सोमवार

इमिग्रेशन कचेरी. पिमचनोक रजा काढून आली होती. सगळ्या तारखा तिने तीन-तीनदा तपासल्या होत्या.

खिडकीत त्याच अधिकारी बाई. माझं काम लगेच झालं. वर्षभर राहायची परवानगी; काम करणार नाही अशी सही; शिक्का.

मग फुमिएची फाइल. पिमचनोकला त्यांनी बाजूला बसायला सांगितलं, मला म्हणाल्या, "तुम्ही नवरा ना? त्यांच्यासाठी तुम्हीच सांगा. बाई आश्रित म्हणून का अर्ज करत नाहीत? सोपं पडेल."

मी फुमिएला विचारलं. ती म्हणाली, "नाही."

"नाही म्हणते," मी सांगितलं.

बाईंनी पान उलटलं. "इथे निवृत्त लिहिलंय. कशातून निवृत्त?"

"गृहिणी होती," मी म्हणालो.

"ते मी विचारलं नाही. गृहिणी असं त्यांनी लिहिलेलं नाही. त्यांना विचारा."

मी फुमिएकडे वळलो. म्हटलं, त्या विचारतात, तू कशातून निवृत्त झालीस? फुमिएने खिडकीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रविवारी फोनवर ती जशी थांबायची, मी आधी बोलावं म्हणून, तशी थांबली. त्या थांबण्यात तिचं तोंड कसं दिसत असेल, हे मला आज कळलं.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

मला थाईत शब्द सापडेनात. म्हणजे शब्द माहीत होते, साधेच आहेत.

मी सांगितलं, "एका आजारी म्हाताऱ्या बाईंची देखभाल करत होती. एकोणीस वर्षं."

"इस्पितळात?"

"घरी."

"दिवसपाळी?"

"दिवस आणि रात्र. दोन्ही पाळ्या. सुट्टी नव्हती."

बाई लिहीत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोणाच्या घरी?"

"माझ्या," मी म्हणालो. "माझी आई होती."

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी आधी फुमिएकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ. मग रकान्यात जे लिहायचं ते लिहिलं आणि शिक्का उचलला.

बाहेर ऊन होतं. पिमचनोक गाडी आणायला गेली. फुमिएने पासपोर्ट उघडून शिक्का बघितला, आपलं नाव बघितलं, मग विचारलं, "काय काय सांगितलंत त्यांना?"

मी शब्दन् शब्द सांगितलं. दोन्ही पाळ्या, सुट्टी नव्हती, माझी आई.

ती ऐकत राहिली. मग पासपोर्ट मिटून तिने पिशवीत ठेवला.

"हे दर वर्षी करायचं असतं ना?"

"दर वर्षी."

"आणि दर वर्षी विचारतील, कशातून निवृत्त?"

"विचारतीलही."

"बरं झालं," फुमिए म्हणाली. "मग दर वर्षी सांगा."